बीएमएक्स घ्यायची की डर्ट जंप? शहापूर-मुरबाडमध्ये आधी जमीन बघा, मग सायकल

इन्स्टावर एक रील येते. मातीच्या ढिगाऱ्यावरून एक पोरगा सायकलसकट उडतो, हवेत हँडल गरकन फिरवतो आणि पलीकडच्या उतारावर अलगद उतरतो. खाली कमेंटमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, "भावा, सायकल कुठली?"

उत्तरं दोन येतात. कुणी लिहितं बीएमएक्स, कुणी लिहितं डर्ट जंप बाईक. लांबून बघितलं तर दोन्ही सारख्याच दिसतात. सीट खाली, गिअर नाहीत, मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरिअर तर नाहीच नाही. पण जवळ जाऊन बघितलं की कळतं, या दोन सायकली वेगवेगळ्या जमिनीसाठी बनलेल्या आहेत.

शहरातल्या पोरानं चुकीची निवडली तर तो चार महिन्यांत विकून दुसरी घेतो. शहापूर किंवा मुरबाडमधल्या पोराला ते जमेलच असं नाही. या सायकली महाग आहेत, तालुक्याच्या दुकानात सहज मिळत नाहीत आणि परत विकायला काढल्या तर गिऱ्हाईकही लगेच सापडत नाही. त्यामुळं निवड एकदाच आणि नीट झालेली बरी.

तर बघूया, या दोघींत नेमका फरक काय आणि आपल्याकडच्या मातीवर कुठली चालते.

आधी नावांचा घोळ मिटवू

"डर्ट बाईक" असं शोधलं की समोर येते ती पेट्रोलवर चालणारी मोटारसायकल. आपला विषय तो नाही. इथं सगळं पायानंच मारायचं आहे.

दुसरा घोळ बीएमएक्स या शब्दाचा. आपल्याकडच्या दुकानात २० इंची चाकाची, उंच हँडलची लहान मुलांची कुठलीही सायकल बीएमएक्स म्हणून खपवली जाते. ती शाळेत जायला, अंगणात फिरवायला उत्तम. पण उडवायला नाही. खरी बीएमएक्स आणि ही सायकल यांच्यात चाकाचं माप सोडलं तर फार काही सारखं नसतं.

तिसरा घोळ एमटीबीचा. पुढं स्प्रिंगचा फोर्क आणि जाड टायर दिसला की लोक म्हणतात, ही डोंगरातली सायकल, हिच्यावर काहीही करा. हाच समज सगळ्यात महागात पडतो. त्याबद्दल पुढं बोलूच.

बीएमएक्स कुठून आली?

बीएमएक्स म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं मोटारसायकलच्या मातीतल्या शर्यती बघायची. मोटारसायकल घ्यायला पैसे नाहीत, वयही नाही. मग त्यांनी घरातल्या २० इंची सायकली मातीत घातल्या. श्विन कंपनीची १९६३ साली आलेली स्टिंग-रे ही सायकल त्यांची आवडती. १९७१ साली ब्रूस ब्राऊन यांचा 'ऑन एनी संडे' हा मोटारसायकलवरचा माहितीपट आला. त्याच्या सुरुवातीलाच ही सायकलवाली पोरं दिसतात, आणि तिथून हे वेड देशभर पसरलं.

१९८२ साली स्पीलबर्गच्या 'ई. टी.' सिनेमात पोरं परग्रहवासीयाला घेऊन पोलिसांना चुकवतात ती याच जातीच्या सायकलींवर. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये बीएमएक्सची शर्यत आली. टोकियोत कसरतींचा प्रकार आला, ज्याला फ्रीस्टाईल म्हणतात. २०२४ मध्ये पॅरिसला पुरुषांचं फ्रीस्टाईलचं सुवर्ण अर्जेंटिनाच्या होसे तोरेस हिलनं नेलं.

आजची फ्रीस्टाईल बीएमएक्स अशी असते. चाकं २० इंची. पुढं-मागं कुठंही स्प्रिंग नाही, सगळं कडक. गिअर एकच, पुढं साधारण २५ दात आणि मागं ९. ब्रेक बहुतेक वेळा फक्त मागचा. काही जण तर तोही काढून टाकतात. चांगली फ्रेम क्रोमोली नावाच्या पोलादाची असते, तिच्यावर बऱ्याचदा ४१३० असा आकडा लिहिलेला असतो.

शर्यतीची बीएमएक्स वेगळी. ती हलकी असते, तिची चेनव्हील मोठी असते आणि टायर बारीक. ढिगाऱ्यावर शिकायचं असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

मग डर्ट जंप बाईक काय आहे?

ही बीएमएक्सची मोठी बहीण म्हणा. माउंटन बाईकवाल्यांना बीएमएक्सच्या मातीच्या ढिगाऱ्यांची भुरळ पडली आणि त्यांनी आपल्या सायकली त्या कामासाठी बदलायला सुरुवात केली. त्यातून ही जात तयार झाली.

हिची चाकं २६ इंची. मागं स्प्रिंग नाही, पण पुढं ८० ते १०० मिलिमीटर दबणारा सस्पेन्शन फोर्क असतो. तोही मऊ नाही, मुद्दाम कडक ठेवलेला. गिअर बहुतेक वेळा एकच. ब्रेक मागं, आणि तो डिस्क. फ्रेम बुटकी आणि आखूड, म्हणजे हवेत सायकल अंगाखाली हलवायला जागा मिळते.

माउंटन बाईकच्या मोठमोठ्या कसरतींच्या स्पर्धा, ज्याला स्लोपस्टाईल म्हणतात, त्यात बहुतेक याच जातीच्या सायकली दिसतात. कॅनडाचा ब्रँडन सेमेनुक हे त्यातलं मोठं नाव. ऑलिम्पिकमध्ये मात्र डर्ट जंपचा प्रकार नाही.

खरा फरक कुठं जाणवतो?

पहिला फरक चाकाचा. टायरसकट मोजलं तर बीएमएक्सचं चाक साधारण ५२ सेंटिमीटर व्यासाचं आणि डर्ट जंपचं ६७ सेंटिमीटरचं. आता समजा वाटेत ५ सेंटिमीटरचा दगड आला. छोटं चाक त्याला साधारण ३६ अंशांच्या चढासारखं धडकतं, मोठं चाक ३२ अंशांच्या. ऐकायला फरक चारच अंशांचा. पण दगड एक नसतो, ओळीनं येतात, आणि प्रत्येक धक्क्याला थोडा वेग जातो. ढिगाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर बीएमएक्सचा वेग कमी पडतो आणि उडी अर्धवट राहते.

दुसरा फरक हवेतला. छोटं चाक हलकं, सायकल आखूड, त्यामुळं बीएमएक्स गिरकी घ्यायला, हँडल फिरवायला, जागच्या जागी उचलायला सोपी. डर्ट जंप हवेत जरा संथ वागते. नवशिक्याला ही संथपणाच उपयोगी पडतो, कारण चूक सुधारायला क्षणभर जास्त मिळतो.

तिसरा फरक उतरण्याचा. एक मीटर उंचीवरून खाली पडणारी कुठलीही वस्तू जमिनीला ताशी साधारण १६ किलोमीटर वेगानं आपटते. उतारावर उतरलात तर त्यातला बराचसा वेग पुढं निघून जातो. सपाटीवर उतरलात तर सगळा धक्का कुणीतरी पचवायचा असतो. बीएमएक्सवर तो तुमचे गुडघे, घोटे आणि मनगटं पचवतात. डर्ट जंपवर पुढचा फोर्क ८-१० सेंटिमीटर दबून थोडा वाटा उचलतो. थोडाच. सस्पेन्शन आहे म्हणून वाईट उडी चांगली होत नाही.

चौथा फरक अंतर कापण्याचा. २५ आणि ९ दातांच्या बीएमएक्सवर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेचार मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी १६ किलोमीटर. हे वाईट नाही. पण सीट इतकी खाली असते की बसून पेडल मारलं तर गुडघे हनुवटीला लागतात. म्हणजे सगळा वेळ उभं राहून. डर्ट जंपवरही तीच गत, फक्त चाक मोठं असल्यानं खड्डे कमी जाणवतात.

आता आपली जमीन

शहापूर आणि मुरबाड म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. एकीकडं माहुली, दुसरीकडं माळशेज आणि नाणेघाट. मधे भातखाचरं, मुरमाड माळ, जंगल आणि धरणं. पावसाळ्यात इथं दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो.

मोठ्या शहरांत बीएमएक्सवाले स्केटपार्कच्या काँक्रीटवर, गुळगुळीत रॅम्पवर शिकतात. इथं हाताशी आहे ती माती. आणि मातीचं इथं वेळापत्रक ठरलेलं असतं.

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चिखल. या काळात ढिगाऱ्यावर चढणं म्हणजे ढिगारा मोडणं. भात कापून झालं, जमीन सुकली की डिसेंबरपासून मेपर्यंत खरा मोसम. त्यातही खाचराची चिकण माती सुकली की तिला भेगा पडतात. त्या भेगेत बीएमएक्सचं चाक अडकू शकतं. मुरमाड माळावर बारीक खडी सुटी पडलेली असते, तिथं वळणावर पुढचं चाक सरकतं.

म्हणजे नुसत्या जमिनीचा कौल घेतला तर तो डर्ट जंपच्या बाजूनं जातो. ओबडधोबड, सुटी, भेगाळलेली जमीन मोठ्या चाकाला जास्त मानवते.

पण एक गोष्ट हा कौल फिरवू शकते. चार पोरांनी मिळून जमीन तयार केली, पाणी मारून, ठोकून गुळगुळीत वाट केली, तर त्या वाटेवर बीएमएक्सही मस्त पळते. शेवटी बीएमएक्सचा जन्म मातीतच झालाय. फरक इतकाच, की ती राखलेली माती मागते.

रस्त्याचं काय? आसनगाव स्टेशनपासून शहापूर गाव दोन-तीन किलोमीटर. तेवढं दोन्हींवर जमतं. पण रोज पाच-सात किलोमीटर शाळा-कॉलेजला जायचं असेल तर दोन्ही सायकली निरुपयोगी आहेत. दप्तर लावायला जागा नाही, डबल सीट नाही, मडगार्ड नसल्यानं पाठीवर चिखलाचा पट्टा. मुंबई-नाशिक महामार्गावर तर संध्याकाळनंतर या बुटक्या, दिवा नसलेल्या सायकली ट्रकवाल्याला दिसतही नाहीत. समृद्धीवर सायकल न्यायला परवानगीच नाही.

आणि माळशेज घाट? एका मागच्या ब्रेकवर घाट उतरायचा विचारही करू नका. लांब उतारावर ब्रेक तापतो, पावसात रबराची पकड सुटते आणि दुसरा ब्रेक नसतोच. घाट पुढचा-मागचा असे दोन्ही ब्रेक असलेल्या सायकलचं काम आहे.

बिघडली तर कोण बघणार?

इथं बीएमएक्स पुढं जाते.

तिच्यात बिघडण्यासारखं फार कमी असतं. स्प्रिंग नाही, तेल नाही, गिअरची तार नाही. पंक्चर काढणं, चेन घट्ट करणं, रिम आऊट झाली तर तारा ओढून सरळ करणं, छर्रे बदलून ग्रीस भरणं ही कामं गावातला सायकलवाला पिढ्यान्‌पिढ्या करतोय.

डर्ट जंपचा फोर्क हे वेगळं प्रकरण आहे. त्यात तेल असतं, सील असतात, काहींत हवा भरलेली असते. धुळीत चालवल्यावर सील झिजतात, तेल बाहेर येऊ लागतं. हे काम जाणणारा कारागीर आणि सुटे भाग यांच्यासाठी ठाणे, मुंबई, नाशिक किंवा पुण्याकडं बघावं लागतं. डिस्क ब्रेक तेलावर चालणारा असेल तर तेच. सायकल घेताना वर्षातून एकदा सर्व्हिसिंगचा खर्च आणि एक खेप धरूनच हिशेब करा.

टायर-ट्यूबबद्दल एक बारीक पण कामाची गोष्ट. २० इंच आणि २६ इंच, दोन्ही मापं गावात मिळतात, कारण लहान मुलांच्या आणि एमटीबी सायकली तीच वापरतात. पण आकडा कसा लिहिलाय ते बघा. बीएमएक्सला २० x २.३ असं दशांशात लिहिलेलं माप लागतं, डर्ट जंपला २६ x २.२५ वगैरे. २० x १ ३/८ किंवा २६ x १ ३/८ असं अपूर्णांकात लिहिलेलं टायर त्या रिमवर बसत नाही. खात्री करायची असेल तर टायरच्या कडेला छापलेला मिलिमीटरचा आकडा वाचा. बीएमएक्ससाठी ४०६, डर्ट जंपसाठी ५५९.

पैशाचा हिशेब

परदेशात शिकाऊ पण खरी बीएमएक्स साधारण ३०० ते ५०० डॉलरला मिळते. बरी डर्ट जंप ८०० ते १५०० डॉलरपर्यंत जाते. इथं येताना वाहतूक आणि आयात शुल्क वाढतं. सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, तेवढा दिलासा आहे. तरी ढोबळ गणित असं, की एका डर्ट जंपच्या पैशात दोन बीएमएक्स येतात.

हा फरक कशाचा? मुख्यतः फोर्कचा. उडीचे धक्के वर्षानुवर्षं सोसणारा फोर्क बनवणं महाग असतं. म्हणूनच कुणी फार स्वस्तात डर्ट जंप देऊ करत असेल तर आधी फोर्ककडं बघा. कंपनीनं पैसे तिथंच वाचवलेले असतात.

सगळ्यात धोकादायक तिसरा पर्याय

आता तो एमटीबीचा घोळ. दहा-पंधरा हजारांची, पुढं स्प्रिंग असलेली, कधी मधेही स्प्रिंग असलेली सायकल घरात असतेच. पोरं म्हणतात, वेगळी कशाला, हीच उडवू.

ही सायकल रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी बनलेली आहे. तिच्या फोर्कमध्ये एक साधी स्प्रिंग असते. उडी मारून उतरलात की ती तळाला आपटते आणि पुढचा धक्का थेट फ्रेमच्या जोडाला बसतो. तिथलं वेल्डिंग एका दिवसात तुटत नाही. आधी केसाएवढी भेग पडते, ती रंगाखाली लपते, आणि मग एखाद्या उडीत हँडल आणि पुढचं चाक फ्रेमपासून वेगळं होतं. तेव्हा चालवणारा तोंडावर पडतो.

सायकलींच्या वापराचे प्रकार ठरवणारं एक अमेरिकी मानक आहे, एएसटीएम एफ २०४३. त्यात रस्ता म्हणजे पहिला प्रकार. दुसऱ्यात १५ सेंटिमीटरपर्यंतची उडी, तिसऱ्यात ६१ सेंटिमीटर, चौथ्यात १२२ सेंटिमीटर, आणि खास उड्यांसाठीच्या सायकली पाचव्यात. अनेक कंपन्या आपल्या सायकलीचा प्रकार पुस्तिकेत किंवा फ्रेमवरच्या स्टिकरवर देतात. घरातली सायकल कुठल्या प्रकारात बसते हे एकदा वाचा. पुस्तिकाच नसेल, तर ती उडवायची नाही असं समजा.

बजेट खरंच नसेल तर साध्या सायकलवर उड्या मारण्यापेक्षा वर्षभर थांबलेलं बरं. तोवर त्याच सायकलवर तोल सांभाळणं, उभं राहून वळणं, हळू वेगात सरळ रेषेत जाणं हे सगळं शिकता येतं.

उंची आणि वय

बीएमएक्सचं माप सीटवरून नाही, टॉप ट्यूबच्या लांबीवरून ठरतं. टॉप ट्यूब म्हणजे हँडलपासून सीटपर्यंतचा वरचा दांडा. पाच फूट ते पाच फूट चार इंच उंचीला साधारण २० ते २०.२५ इंच, पाच-चार ते पाच-आठला २०.५ ते २०.७५, त्याच्या वर २१ किंवा जास्त. दहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी १६ आणि १८ इंची चाकांच्या बीएमएक्स असतात. "पोरगं वाढतंय, एक माप मोठी घेऊ" हा चपलांचा नियम इथं लावू नका. मोठी सायकल हवेत आवरत नाही.

२६ इंची डर्ट जंप पाच फुटांच्या आत असलेल्या मुलामुलींना मोठीच होते. पाच-दहाच्या वर उंची असेल तर बीएमएक्सवर अंग फार वाकवावं लागतं, कमरेला ताण येतो. तिथं डर्ट जंप सोयीची.

मग कुणी काय घ्यावं?

समजा, वासिंदमधली बारा वर्षांची मुलगी आहे. सोसायटीत गुळगुळीत फरशी आहे, उंची पाच फुटांच्या आत. तिच्यासाठी बीएमएक्स, मागच्या ब्रेकसकट.

समजा, धसईकडचा सोळा वर्षांचा मुलगा आहे. घरचं शेत आहे, सुगीनंतर खाचर मोकळं पडतं, सोबत तीन-चार मित्र आहेत, पैसे बेताचे. त्यानंही बीएमएक्सच घ्यावी, पण जाड, २.३ किंवा २.४ चे टायर बघून. हवा काँक्रीटपेक्षा जरा कमी ठेवावी. आणि मित्रांसोबत वाट तयार करावी, कारण वाट नसेल तर ही सायकल घरात पडून राहील.

समजा, मुरबाडच्या एमआयडीसीत नोकरी करणारा पंचवीस वर्षांचा तरुण आहे. उंच आहे, रविवारीच वेळ मिळतो, माळावर जे मिळेल त्यावर चालवायची आहे, सर्व्हिसिंगचा खर्च झेपतो. त्यानं डर्ट जंप घ्यावी. आठवड्यातून एकदा चालवणाऱ्याचं अंग तयार नसतं. मोठं चाक आणि फोर्क त्याच्या बऱ्याच चुका पोटात घालतात.

आणि ज्याला एकच सायकल घेता येणार आहे, तिच्यावरच शाळेत, बाजारात आणि स्टेशनवर जायचं आहे, त्यानं या दोन्ही घेऊ नयेत. साधी, मजबूत, दोन ब्रेकची सायकल घ्यावी. हे ऐकायला कंटाळवाणं आहे, पण घरातली एकमेव सायकल उड्यांत मोडली की सोमवारी कॉलेज बुडतं.

सेकंड हँड घेताना

जुनी घ्यायला हरकत नाही, फक्त पाच गोष्टी बघा.

हँडलच्या खाली, जिथं फ्रेमचे दांडे जुळतात, तो भाग ओल्या फडक्यानं पुसून उजेडात बघा. रंगाला बारीक रेघ किंवा फुगवटा दिसला तर सोडून द्या.

बीएमएक्स असेल तर मागचा एक्सल मोजा. खऱ्या फ्रीस्टाईल बीएमएक्सचा तो १४ मिलिमीटर जाड असतो. साधारण १० मिलिमीटरचा निघाला तर बहुधा ती मुलांची सायकल आहे, नाव काहीही लिहिलेलं असो.

डर्ट जंप असेल तर फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर बोट फिरवा. ओरखडा नखाला लागला किंवा तेलाचं कडं दिसलं, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा.

पुढचा ब्रेक असेल तर तो दाबून सायकल पुढं-मागं हलवा. ब्रेक नसेल तर पुढचं चाक भिंतीला टेकवून हलवा. हँडलपाशी टकटक आली तर बेअरिंग गेलेलं आहे किंवा नुसतं ढिलं आहे, ते विचारा.

आणि बिल मागा. बिल नसेल तर फ्रेमचा नंबर लिहून, विकणाऱ्याची सही घेऊन ठेवा. चोरीची सायकल स्वस्तच मिळते.

ढिगारा कुठं आणि कसा?

सायकल आली म्हणून लगेच फावडं उचलू नका. आधी जमीन कुणाची ते बघा. वनखात्याच्या जागेत खोदकाम करणं गुन्हा आहे, आणि तानसा अभयारण्याचा मोठा भाग याच पट्ट्यात येतो. भातसा, तानसा धरणांच्या आवारातही नको. गुरचरण असेल तर ग्रामपंचायतीला विचारा. स्वतःचं किंवा मित्राचं शेत सगळ्यात बरं, तेही घरच्यांना सांगून. पावसाआधी खाचर पुन्हा नांगराला लागणार आहे, त्यामुळं बांध फोडू नका.

सुरुवात उंच ढिगाऱ्यानं करायची नसते. आधी गुडघ्याएवढ्या लाटा करा, एकामागून एक, आणि पेडल न मारता नुसतं अंग खालीवर करून त्यावरून जायला शिका. याला पंप ट्रॅक म्हणतात. त्याच्या जागतिक स्पर्धाही होतात आणि त्यात दोन्ही जातीच्या सायकली धावतात. अंगाला लय सापडली की मग टेबलटॉप करा, म्हणजे चढ, मधे सपाट माथा आणि पुढं उतार. उडी कमी पडली तरी माथ्यावरच उतरता, खड्ड्यात पडत नाही. मधे मोकळी जागा सोडलेली उडी सगळ्यात शेवटी.

नुसता मुरूम टिकत नाही, नुसती चिकण माती भेगाळते. दोन्ही मिसळून, पाणी शिंपडून, थराथरानं धुमसानं ठोकली की वाट घट्ट बसते. पावसाळ्यात वर ताडपत्री टाकली तर पुढच्या वर्षी निम्मं काम वाचतं.

आणि हेल्मेट. क्रिकेटचं नाही, सायकलचंच, ईएन १०७८ असं लिहिलेलं. सोबत गुडघ्याचे पॅड आणि हातमोजे. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, पण डोक्याला गंभीर मार लागला तर ठाणे-मुंबईकडंच जावं लागतं, आणि त्या रस्त्यावर वेळ जातो. म्हणून एकट्यानं कधीच उडी मारायची नाही. सोबत एक जण हवा, त्याच्या फोनला रेंज हवी आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर दोघांना माहीत हवा. सायकलच्या बजेटमध्ये हेल्मेटचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यातून सायकल घ्या.

थोडक्यात सांगायचं तर, वाट राखायची तयारी असेल, अंग लहान असेल, पैसे मोजके असतील तर बीएमएक्स. जमीन ओबडधोबड, उंची जास्त आणि फोर्कची देखभाल झेपणारी असेल तर डर्ट जंप. हे ठरवायला रील उपयोगाची नाही. एखाद्या रविवारी आपल्या गावात जिथं सायकल चालवणार ती जागा पायी फिरून या, दगड आणि भेगा मोजा, आणि मग दुकानात जा.